'बसीन' ते वसई : इंग्रजी भाषेचा प्रवास

- प्रतिनिधी, वसई

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकाचा सांकेतिक कोड 'बीएसआर' असा आहे. 'बसीन रोड' या जुन्या नावाची ती खूण होय. वसईचे पोर्तुगीजांनी 'बासाईं' केले आणि इंग्रजांनी त्याचे 'बसीन'. इंग्रजांनी हे नाव थेट वसईकरांच्या तोंडून उचलले नाही. आधी येथे येऊन बसलेल्या दुसऱ्या परकीयांकडून ते घेतले. गोष्ट लहान आहे, परंतु इंग्रजी भाषेची वाढ कशी झाली हे सांगण्यास पुरेशी आहे.

तीन कालखंड

इंग्रजीच्या इतिहासाचे स्थूलमानाने तीन कालखंड पाडले जातात. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या जर्मानिक टोळ्या ब्रिटनमध्ये आल्या. त्यांच्या बोलींतून जी भाषा घडली ती प्राचीन इंग्रजी. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दींच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. ते तेथेच वसले, आणि 'स्काय', 'एग' यांसारखे शब्द, इतकेच नव्हे तर 'दे' हे सर्वनामही इंग्रजीत आले. सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत. ती येथे घेतली गेली, यावरून हे दोन समाज किती मिसळले होते याची कल्पना येते.

1066 मध्ये नॉर्मन सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि मध्ययुगीन इंग्रजीचा काळ सुरू झाला. दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच, धर्माची व दफ्तराची लॅटिन. इंग्रजी उरली ती शेतकरी, कारागीर आणि नोकरचाकर यांच्यापुरती. 'कोर्ट', 'जज', 'टॅक्स', 'जेल' हे शब्द मूळचे फ्रेंच. मेंढपाळाची 'शीप' इंग्रजीच राहिली. सरदाराच्या ताटातील मांसाला मात्र फ्रेंच नाव मिळाले, 'मटन'. तेच पुढे मराठी स्वयंपाकघरात 'मटण' होऊन आले.

सुमारे 300 वर्षे इंग्रजी स्वतःच्या देशात राजमान्यतेवाचून जगली. 1362 च्या कायद्याने न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत करण्याची तरतूद झाली. तो कायदा लिहिला गेला होता मात्र फ्रेंचमध्ये! 1400 मध्ये निधन पावलेल्या चॉसरने इंग्रजीला काव्याची प्रतिष्ठा दिली. 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. छपाईने शब्दांची लेखनरूपे हळूहळू स्थिरावली, पण उच्चार बदलतच राहिले. 'नाईट' लिहिताना विद्यार्थ्याला आजही न उच्चारली जाणारी अक्षरे घोकावी लागतात, ती त्यामुळेच. 1611 चे किंग जेम्स बायबल, शेक्सपिअरची नाटके आणि 1755 चा जॉन्सनचा शब्दकोश हे अर्वाचीन इंग्रजीचे ठळक टप्पे होत.

किनाऱ्यावरचे शब्द

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी 1534 मध्ये झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत पोर्तुगीज ही पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराची संपर्कभाषा होती. इंग्रज व्यापारी येथे आले तेव्हा त्यांनाही तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. 'मँगो', 'कास्ट', 'व्हरांडा', 'प्यून', 'आया' हे शब्द पोर्तुगीजांच्या द्वारे इंग्रजीत शिरले. मराठीतील मुंगूस 'मंगूस' होऊन त्याच भाषेत गेले. मराठीनेही पाव, पगार, बटाटा, घमेले, लिलाव आणि तुरुंग हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतले. आज आपण 'तुरुंग' म्हणतो तेव्हा पोर्तुगीजांचा आणि 'जेल' म्हणतो तेव्हा नॉर्मनांचा वारसा चालवीत असतो.

त्या काळी इंग्रजीचा जगभर दबदबा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. 1579 मध्ये गोव्यात आलेला फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. त्याने 'क्रिस्तपुराण' रचले ते मराठीत. ते 1616 मध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूच्या वर्षीच, छापून निघाले. चित्र पालटले ते सत्तेमुळे. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, 1818 मध्ये पेशवाई संपली, आणि 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने इंग्रजीला उच्च शिक्षणाची भाषा केले.

धोका कशाचा?

परभाषेतील शब्द आल्याने भाषा बुडते, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राजव्यवहारकोश' सिद्ध करवून घेतला. त्यामागे राज्यकारभार आपल्या भाषेत चालावा हा हेतू होता, आणि तो रास्तच होता. तथापि इंग्रजीचा इतिहास सांगतो की हजारो परकी शब्द पचवूनही भाषा टिकते. फक्त ती बोलली गेली पाहिजे. दरबार गमावूनही इंग्रजी तगली, कारण माय लेकराशी इंग्रजीतच बोलत होती.

वसईत आज नेमका हाच प्रश्न आहे. येथील सामवेदी अर्थात कादोडी बोली आणि वाडवळी बोली यांना दरबार कधीच लाभला नाही. त्यांचे बळ घरात, वाडीत आणि लग्नगीतांत होते. कादोडीने पोर्तुगीज आणि गुजराती शब्द सहज सामावून घेतले. पण घरात आधी प्रमाण मराठी आली आणि आता इंग्रजी माध्यमाच्या शाळेबरोबर इंग्रजी येत आहे. एकेक प्रसंग बोलीच्या हातून सुटतो आहे.

मराठीची स्थिती याहून बरी आहे. ती राज्याची राजभाषा आहे, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. बोलींना असा मान मिळेल तेव्हा मिळो. तोवर आजी-आजोबांनी नातवंडांशी आपल्या बोलीत बोलणे थांबवू नये. त्यासाठी ना कायद्याची गरज आहे, ना अनुदानाची. आणि मुलांच्या इंग्रजी शिक्षणाच्याही ते आड येत नाही.