पेटीशेजारची पेटी
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे, तर मायक्रोफोन आणि संगणक यांच्या मधे एक लहानशी पेटी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मराठीत तिला रुळलेले नाव नाही, म्हणून मी तिला पेटीच म्हणणार आहे. हार्मोनियमवाल्यांनी रागावू नये. आकार एखाद्या जाडजूड कादंबरीएवढा. पुढे दोन-चार भोके, दोन-चार बटणे, मागे एक वायर. मायक्रोफोनकडून आलेली अतिशय क्षीण वीज ती वाढवते, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा तिचे माप घेते, ते आकडे संगणकाला देते आणि संगणकाकडून आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून आपल्या कानांत सोडते. काम एवढेच. पण दुकानात गेले की इतकी मॉडेले आणि इतके आकडे समोर येतात, की शहाणा माणूसही रिकाम्या हाताने परततो, किंवा नको तेवढे घेऊन येतो.

माझ्या ओळखीच्या एक गानशिक्षिका आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. गुरूंकडून तोंडी आलेल्या सव्वाशे-दीडशे बंदिशी त्यांच्या गळ्यात आहेत. वहीत शब्द आहेत, पण शब्द म्हणजे बंदिश नव्हे. सम कशी गाठायची, अंतरा कोठून उचलायचा, हे वहीत उतरत नाही. स्टुडिओत जायला बाई तयार नाहीत. काचेपलीकडे बसलेल्या माणसाकडे बघत यमन गायचा कसा, हा त्यांचा प्रश्न, आणि तो मला रास्त वाटतो. शेवटी त्यांच्या विद्यार्थिनींनी वर्गणी काढून पंचवीस हजार रुपये जमवले आणि पेटी निवडायचे काम माझ्या गळ्यात पडले. गेल्या वर्षी बाई दोन महिने आजारी होत्या, त्यामुळे सगळ्यांनाच घाई होती.

मी अशा वेळी आकडे बाजूला ठेवतो आणि इतिहासाकडे जातो. या पेटीवरचे प्रत्येक भोक आणि प्रत्येक बटण म्हणजे कोणाच्या तरी जुन्या अडचणीवर निघालेला तोडगा आहे. ती अडचण आपली आहे का, एवढे पाहायचे.

पहिली अडचण बारीक आवाजाची. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि एका हॉटेलातल्या मोठ्या खोलीत त्याने आपला संसार थाटला. गौहर जान यांच्या पहिल्या तबकड्या तिथे निघाल्या. म्हणजे आपल्याकडचे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेच मुळी स्टुडिओबाहेर, राहत्या खोलीत. मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने गायचे, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणावर रेघ उठायची. वेळ जेमतेम तीन मिनिटे. खालच्या पट्टीतली आस, श्वास, कुजबुज असे जे नाजूक असेल ते मेणावर उमटतच नसे. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि गायकाला हळू गाण्याची मुभा मिळाली. आपल्या पेटीवरचे सर्वांत मोठे बटण, गेनचे, ते या मुभेचे वारस आहे. मायक्रोफोनची वीज व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात असते. ती शेकडो पटींनी वाढवावी लागते. वाढवताना पेटी स्वतःची खरखर त्यात किती मिसळते, हा माझा पहिला प्रश्न. म्हाताऱ्या माणसाचा आवाज टिपायचा असेल तर हा प्रश्न बाकी सगळ्यांवर भारी आहे.

गेनशेजारी बहुधा ४८ व्होल्ट असे लिहिलेले बटण असते. उत्तम प्रतीच्या कंडेन्सर मायक्रोफोनना वीज लागते, ती याच केबलमधून वर जाते. पण ४८ च का? १९६६ मध्ये न्यूमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी मायक्रोफोन तयार केले. तिकडे हिवाळ्यात दिवसाचा उजेड जवळजवळ नसतो. म्हणून त्यांच्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच वीज मायक्रोफोनला वापरावी, असे ठरले. पुढे तेच जगाचे प्रमाण झाले. नॉर्वेतल्या अंधाराचा आकडा आज सदाशिव पेठेतल्या टेबलावर आहे, हे मला फार गमतीचे वाटते. कंडेन्सर मायक्रोफोन घेणार असाल तर हे बटण हवेच. साधा डायनॅमिक मायक्रोफोन वापरणार असाल तर त्याला हात लावायची गरज नाही.

आता उशिराची गोष्ट. अमेरिकेतला लेस पॉल हा गिटारवादक म्हणजे घरगुती ध्वनिमुद्रणाचा आद्यपुरुष. आधी तबकड्यांवर आणि १९४९ नंतर टेपवर तो एकट्याने थरावर थर चढवत असे: एकदा वाजवायचे, ते ऐकत त्यावर दुसरे वाजवायचे, दोन्ही मिळून नव्याने मुद्रित करायचे. आधीचा थर त्यात कायमचा मिटायचा, म्हणजे दहाव्या थराला चूक झाली की पुन्हा श्रीगणेशा. त्याने आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड हिने याच पद्धतीने केलेले ‘हाऊ हाय द मून’ १९५१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सगळे थर वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवायचे म्हटले, तर निराळीच अडचण येई. टेपयंत्रात मुद्रण करणारे डोके आणि ऐकवणारे डोके यांत दीड-दोन इंचांचे अंतर असते. टेप सेकंदाला १५ इंच पळत असली, तरी जुना थर दशांश सेकंद उशिरा ऐकू येणार. दशांश सेकंद म्हणजे तालाचा खून. अँपेक्स कंपनीने त्यावर उपाय काढला: जुना थर ऐकवण्याचे कामही मुद्रण करणाऱ्या डोक्याकडेच द्यायचे. असे आठ पट्ट्यांचे पहिले यंत्र १९५७ मध्ये लेस पॉलच्या घरी पोचले. किंमत दहा हजार डॉलर.

हा उशीर संगणकाबरोबर परत आला. पेटी आकडे एकेक करून देत नाही, गठ्ठ्याने देते. गठ्ठा २५६ मापांचा धरला तर तो भरायला साधारण पाच मिलिसेकंद, परतीला तितकेच, वर किरकोळ. हवेतून आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे गाणारीला स्वतःचा आवाज बारा-पंधरा फुटांवरून आल्यासारखा हेडफोनमध्ये ऐकू येतो. गठ्ठा मोठा केला तर उशीर आणखी वाढतो, आणि लहान केला तर संगणक दमतो व आवाजात तड्‌तड् होते. म्हणून बऱ्याच पेट्यांवर एक साधी कळ असते, डायरेक्ट मॉनिटर नावाची. ती दाबली की मायक्रोफोनचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो. ही कळ नसलेली पेटी फुकट मिळाली तरी मी घेणार नाही.

घरगुती ध्वनिमुद्रण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते १९७९ मध्ये. टिॲक या जपानी कंपनीच्या टॅसकॅम विभागाने पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला. आपण गाणी ऐकत होतो तीच साधी कॅसेट. तिच्यावर एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन अशा चार पट्ट्या असतात. यांनी चारही एकाच दिशेला वापरल्या, टेप दुप्पट वेगाने पळवली, खरखर कमी करायची सोय केली आणि मिक्सर त्याच डब्यात बसवला. किंमत हजार डॉलरच्या आसपास. १९८२ च्या जानेवारीच्या आगेमागे ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत असे यंत्र मांडले आणि शुअर एसएम ५७ जातीचे दोन साधे मायक्रोफोन लावून नवी गाणी गाऊन ठेवली. हेतू इतकाच, की वाद्यवृंदाला चाली समजाव्यात. चार पट्ट्यांचे एकत्रीकरण त्याने केले ते एकदा पाण्यात भिजलेल्या टेपरेकॉर्डरवर. मग न्यूयॉर्कच्या नामांकित स्टुडिओत सगळा वाद्यवृंद बसवून तीच गाणी पुन्हा केली. ती चांगली झाली, पण त्यातला एकटेपणा गेला. अखेर बिनडबीची, खिशात घालून हिंडवलेली ती कॅसेटच पक्की ठरली. तिच्यावरून तबकडी कापताना तंत्रज्ञांना घाम फुटला. सप्टेंबर १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ नावाने ती निघाली आणि आजही त्याच्या उत्तम कामांत तिची गणना होते. २०२५ मध्ये या प्रकरणावर चित्रपटही आला.

या गोष्टीतून लोक भलताच निष्कर्ष काढतात, की साधन कसलेही चालते. तसे नाही. स्प्रिंगस्टीन एकटा होता, गिटार आणि गळा एवढेच त्याच्याजवळ होते, आणि यंत्र नेमके तेवढ्यासाठीच बनलेले होते. तीस माणसांच्या भजनी मंडळाने तोच प्रयोग केला असता तर कॅसेट कोणी जपून ठेवली नसती.

संगणकाच्या पोटातली साउंड कार्डे १९८९ नंतर घरोघर शिरली. पण डब्यातल्या पंख्याची, विजेची सगळी गुणगुण मुद्रणात यायची. शहाणपण असे, की मोजमाप डब्याबाहेर व्हावे. त्यासाठी सोयीची तार हवी होती, ती १९९६ मध्ये यूएसबीच्या रूपाने मिळाली. तिची पहिली धाव सेकंदाला १२ दशलक्ष बिटांची. दोन मार्ग आत आणि दोन बाहेर, प्रत्येकी ४८,००० मापे, माप २४ बिटांचे, असा हिशेब केला तर साडेचार दशलक्षांहून थोडे अधिक होते, आरामात बसते. आठ आत, आठ बाहेर केले तर अठरा दशलक्षांच्या वर जाते, बसत नाही. २००२ मध्ये आलेली डिजिडिझाइनची एमबॉक्स दोनच मार्गांची होती, त्यामागे हे गणितही होते. तिच्यात मायक्रोफोनची वीज वाढवणारे भाग फोकसराइटचे होते. आणि या कंपनीचा आरंभ १९८५ मध्ये जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसाठी बनवलेल्या सामग्रीतून झालेला. मोठ्या स्टुडिओचा वारसा पाचशे डॉलरांच्या आत टेबलावर आला. पुढे तारेचा वेग कितीतरी पटींनी वाढला, तरी दोन मार्गांची पेटीच आजही सर्वाधिक दिसते.

इथे आपल्या संगीताचा प्रश्न येतो. लेस पॉलपासून एमबॉक्सपर्यंत ही पेटी वाढली ती एकट्या माणसासाठी: आज गिटार, उद्या गळा. आपल्याकडे थर चढत नाहीत, मैफल बसते. तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघून ठेका धरतो. त्याला मंगळवारी बोलावून सोमवारच्या गाण्यावर वाजवायला लावले तर ते गाणे राहत नाही. म्हणून ‘एका वेळी किती मायक्रोफोन?’ हा प्रश्न आपल्याला अधिक जाचतो. आणि इथेच खोक्यावरचा मजकूर फसवतो. ‘चार इनपुट’ असे छापलेल्या कित्येक पेट्यांत मायक्रोफोनची सोय दोनांनाच असते. उरलेली दोन भोके कीबोर्डसारख्या वाद्यांची असतात. खोक्यावर न वाचता मागची-पुढची भोके स्वतः मोजावीत.

बाईंच्या विद्यार्थिनींना चार मायक्रोफोनची पेटी हवी होती: गळा, हार्मोनियम, डग्गा, तबला. मी दोनवर अडून बसलो. दहा बाय बाराच्या खोलीत माणसे मांडीला मांडी लावून बसतात; प्रत्येक मायक्रोफोनमध्ये सगळेच ऐकू येते. मग चार मार्ग वेगळे ठेवून पुढे निवडानिवड करता येईल, ही आशा बरीचशी खोटी. त्यापेक्षा दोन मार्ग चांगले असावेत आणि वाचलेले पैसे मायक्रोफोन, स्टँड आणि बंद जातीच्या हेडफोनवर खर्चावेत. वाद मिटवला बाईंनीच. बंदिश ठेवायची असेल तर हार्मोनियम नकोच, त्या म्हणाल्या, तानपुरा पुरे. तानपुऱ्याला वेगळा मायक्रोफोन लागत नाही, तो गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये हवा तेवढा येतो.

उरले मोठमोठे आकडे. १९२ किलोहर्ट्‌झ वगैरे. माणसाच्या कानाची धाव २० किलोहर्ट्‌झपर्यंत, आणि त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मापे घेतली की भागते, ४८ पुरते. २४ बिट मात्र घ्यावेत, म्हणजे आवाज थोडा खालच्या पातळीवर ठेवून मुद्रित करता येतो आणि तार सप्तकात तो फाटत नाही. वर्षा-दोन वर्षांनी बदलणाऱ्या मॉडेलांची नावे मी घेत नाही. पण वेगळे सॉफ्टवेअर न घालता संगणकाने आणि फोनने ओळखावी अशीच पेटी घ्यावी. फायरवायर नावाच्या वेगवान तारेवर एकेकाळी अनेकांनी भरवसा ठेवला. २०१२ नंतर अ‍ॅपलच्या संगणकांवरून तिचे भोकच हळूहळू गेले आणि धडधाकट पेट्या माळ्यावर पडल्या. पेटी जाणारच, मुद्रणे साध्या वेव्ह फायलींत, दोन वेगळ्या घरांत ठेवावीत.

आणखी एक. गौहर जान तबकडीच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारत, कारण मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना तबकडी कोणाची ते कळायला हवे. पेटी आजही नाव लिहीत नाही. म्हणून प्रत्येक बंदिशीआधी नाव, राग, ताल आणि तारीख बोलायची, असे ठरवले आहे. बाई राग सांगतात, ताल सांगतात, तारीख विद्यार्थिनीला विचारून सांगतात. नावाच्या जागी मात्र गुरूंचे नाव घेतात, आणि आम्ही ते तसेच ठेवले आहे. आतापर्यंत एकेचाळीस बंदिशी झाल्या. दुपारी अडीच ते चार, पंखा बंद करून, फ्रिजची वायर काढून.