एकूण चढ किती?

समजा, किकवीच्या शाळेची सहल राजगडावर जाऊन आली. दोन शिक्षकांच्या खिशात दोन फोन होते. वाट एकच, वेळही एकच. तरी दिवसभराचा एकूण चढ एका फोनने 720 मीटर दाखवला, दुसऱ्याने 900. मुले विचारणारच, "सर, यांतला खरा कोणता?" उत्तर शोधताना थोडे मागे जाऊ.

1824 मध्ये मुंबई सरकारने विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करण्यासाठी नेमले. उंची मोजायला त्याने साधा तापमापकही वापरला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. सुमारे 300 मीटर चढले की उत्कलनबिंदू साधारण 1 अंश सेल्सिअसने उतरतो. राजगडाच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे 1,375 मीटर उंचीवर, पाणी 95-96 अंशांनाच उकळते.

त्याआधी, 1802 मध्ये, विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला होता. त्यातून थिओडोलाइटने कोन मोजून दूरच्या शिखरांची उंची काढता येऊ लागली. पुढे नकाशांवर समोच्च रेषा आल्या.

या साऱ्या पद्धतींचा प्रश्न एकच होता: ही जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे? एकूण चढाचा प्रश्न वेगळा आहे. त्यात वाटेवरच्या साऱ्या चढणी मिळवायच्या, उतार सोडून द्यायचे. पण केवढी चढण मोजायची? दगडावर ठेवलेले प्रत्येक पाऊल धरायचे का?

उपग्रहांवरून मिळणारी उंची सतत थोडी हलत असते. समजा, आपण झाडाखाली बसलो आहोत आणि एका मिनिटात फोनने 700, 703, 699, 702, 700 अशा नोंदी केल्या. नुसत्या चढत्या फरकांची बेरीज 3 + 3 = 6 मीटर. असेच चालू राहिले तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीत 180 मीटरचा चढ खात्यावर जमा!

म्हणून काही प्रणाली ठरावीक मर्यादेपेक्षा लहान फरक गाळतात. काही प्रणाली फोनची उंची बाजूला ठेवून तयार उंचीचा तक्ता वापरतात. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एन्डेव्हर' अवकाशयानाने रडारने जमीन टिपली; त्यातून 90 मीटर आणि 30 मीटर चौकटींचे तक्ते तयार झाले. एका चौकटीला एकच उंची. संजीवनी माचीसारख्या चिंचोळ्या धारेवर आपली नोंद जरा सरकली, की शेजारच्या कड्याची चौकट लागू होते आणि सपाट चालीतही चढ-उतार दिसतात. काही घड्याळे हवेचा दाब मोजतात, म्हणजे साइक्सचेच तत्त्व. पण हवामान पालटून दाब 1 हेक्टोपास्कलने घसरला, तर बसल्या जागी सुमारे 9 मीटर 'चढ' होतो.

तेव्हा माथ्याची उंची ही डोंगराची गोष्ट आहे. एकूण चढ ही डोंगराची आणि मोजण्याच्या नियमाची मिळून होणारी गोष्ट. नियम सांगितल्याशिवाय आकडा अपुरा. वर्गात हे करून पाहावे: फळ्यावर डोंगरवाटेची एक वेडीवाकडी रेघ काढा. आधी दर 5 सेंटीमीटरवर, मग दर 20 सेंटीमीटरवर तिची उंची मोजून चढांची बेरीज करा. दोन उत्तरे येतील, आणि ती का आली हे मुलेच सांगतील.