मधले पाचशे

शाळामास्तराला सगळ्यांत धास्ती कोणाची वाटत असेल, तर ती शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलांची. पुढच्या बाकावरची मुले पुस्तकातले प्रश्न विचारतात; त्यांची उत्तरे आपल्याला पाठ असतात. शेवटच्या बाकावरून वर्षाकाठी एखादाच प्रश्न येतो, पण तो आपल्याला वर्षभर पुरतो.

गेल्या एप्रिलमध्ये माझे असेच झाले. आदल्या दिवशी, १४ एप्रिलला, शाळेत आंबेडकर जयंती साजरी झाली होती. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गाला मी सांगत होतो की, याच तारखेला आपल्या देशात अग्निशमन सेवा दिनही पाळतात, आणि त्याचे कारण म्हणजे १९४४ साली मुंबईच्या गोदीत झालेला स्फोट. बोटीचे नाव, वेळ, नुकसान असे सारे मुद्दे फळ्यावर मांडून शेवटी मी लिहिले : ‘मृत – ८०० ते १३००.’ खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिने तोंड उघडल्याचे मला आठवत नव्हते.

“गुरुजी, मग मधले पाचशे कुठं गेले?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि “बस खाली,” असे म्हणून पुढच्या धड्याकडे वळलो. परंतु घरी जाताना तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला. कारण, वाचकहो, त्या मधल्या पाचशांतला एक माणूस आमच्या घरचा आहे, आणि हे मी त्या मुलीला सांगितले नव्हते.

घटना तशी पुष्कळांना ऐकून माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची मालवाहू बोट फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, विमाने होती, आणि पोलादी तिजोरीत सोन्याच्या १२४ लगडी होत्या. कराचीला काही माल उतरला आणि त्या रिकाम्या जागेत सुमारे ८,७०० कापसाच्या गासड्या भरल्या गेल्या. शिवाय लाकूड, गंधक, राळ आणि वंगणाच्या तेलाची पिंपे! आपल्याकडे साध्या घरातली बाईसुद्धा चुलीजवळ रॉकेलची बाटली ठेवीत नाही. पण युद्धाच्या घाईत मोठ्या माणसांनी दारूगोळ्याच्या खालीवर कापूस रचला आणि बोट मुंबईकडे सोडून दिली.

१२ एप्रिलला बोट व्हिक्टोरिया गोदीत लागली. अंगावर जळता जिन्नस असलेल्या बोटीने लाल बावटा लावावा असा रिवाज. तो या बोटीवर नव्हता. स्फोटके उतरवून घेण्यासाठी लागणारे पडाव वेळेवर आले नाहीत, म्हणून आधी दुसरा माल काढण्याचे काम चालले. १४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कोठ्यातून धूर येत असल्याची आरोळी झाली. बंब आले. ९०० टन पाणी त्या कोठ्यात ओतले गेले. पण कापसाची आग ती, आतल्या आत धुमसत राहिली. बोटीचा पत्रा तापून बाजूचे पाणी उकळू लागले. चारला दहा मिनिटे कमी असताना बोट सोडण्याचा हुकूम निघाला, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीतले घड्याळ त्या वेळी बंद पडले ते तसेच राहिले. अर्ध्या तासाच्या आत त्याहून मोठा दुसरा स्फोट झाला. ‘जलपद्म’ नावाची शेजारची बोट पाण्याबाहेर फेकली गेली. जळत्या गासड्या आणि तापलेले लोखंड मांडवी आणि मशीद बंदरच्या वस्तीवर पाऊस पडावा तसे पडले. बारा किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आग तीन दिवस आटोक्यात आली नाही. रेशनच्या त्या काळात, आदल्याच वर्षी बंगालात लाखो माणसे उपासमारीने मेलेली असताना, गोदामांतले हजारो टन धान्य जळून राख झाले.

ही झाली बातमी. पण त्या दिवशी मुंबईत ही बातमी छापायला बंदी होती! सिमला तिथून सतराशे किलोमीटर दूर. तिथल्या भूकंपमापक यंत्राने हादऱ्याची नोंद केली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने दुसऱ्याच दिवशी जगाला वर्तमान सांगितले. आणि ज्या शहराच्या डोक्यावर आकाश कोसळले, त्या शहराच्या वर्तमानपत्रांना खरी हकीकत छापायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. शत्रूला कळू नये म्हणून ही काळजी. आणि शत्रूला तर सर्वांच्या आधी कळले होते.

अशा वेळी माणसांची तोंडे हीच वर्तमानपत्रे होतात. जपान्यांनी बाँब टाकले, अशी आवई उठली. हजारो माणसे मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या वाटेने गावाकडे पळत सुटली. म्हणून या घटनेचा इतिहास पाहायचा तर कागदांइतकाच माणसांच्या आठवणींत पाहावा लागतो.

त्यांतल्या काही आठवणी नोंदल्या गेल्या, हे आपले भाग्य. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी मृत्युमुखी पडले. बोटीत काय भरले आहे याची कल्पना धक्क्यावर उभ्या असलेल्या कितीकांना असेल, देव जाणे; पण तापलेला पत्रा आणि उकळते पाणी तर सर्वांना दिसतच होते. तरी नळ्या हातात घट्ट धरून ती माणसे जागची हलली नाहीत. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे, आणि दर वर्षी १४ एप्रिलला त्यांना मानवंदना दिली जाते.

दुसरी गोष्ट एका पारशी गृहस्थांची. ते गोदीपासून सुमारे मैलभर अंतरावर एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. स्फोटानंतर काहीतरी जड वस्तू छप्पर फोडून त्यांच्या घरात येऊन पडली. पाहतात तो सुमारे अठ्ठावीस पौंड वजनाची सोन्याची लगड! चहूकडे गोंधळ, पोलीस आगीत गुंतलेले, आणि आकाशातून आलेल्या सोन्याला साक्षीदार कोण असणार? पण त्यांनी ती लगड सरकारजमा केली. तिच्याबद्दल त्यांना ९९९ रुपये बक्षीस मिळाले. तेही त्यांनी स्फोटग्रस्तांच्या मदतनिधीला देऊन टाकले. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांचे डोळे लकाकतात. ‘आपण असतो तर काय केले असते?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटलेला मला दिसतो, आणि खरे सांगायचे तर माझ्याही.

सोन्याचा शोध पुढे कित्येक वर्षे चालला. गोदीतला गाळ उपसताना एकेक लगड मिळत गेली, आणि १२४ पैकी बहुतेक सगळ्या हाती लागल्या. लगडी मोजलेल्या होत्या ना! किती गेल्या, किती आल्या, याचा हिशेब लागला. माणसांचा मात्र लागला नाही.

का लागला नाही, ते मला माझ्या आजीकडून कळले.

आजीचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. १९४४ साली ती नऊ वर्षांची होती. तिला एकच भाऊ, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. आजी त्याला ‘दादा’ म्हणे. घरची भातशेती खंडाची. तिच्यात पोट भरेना, म्हणून तो सोळाव्या वर्षी मुंबईला गेला. डोंगरीच्या एका खोलीत गाववाल्या पंधरा-वीस जणांबरोबर राहायचा आणि गोदीत ओझी वाहायचा. नोकरी म्हणावी अशी ती नव्हती. त्या काळी गोदीतली पुष्कळशी मजुरी टोळीवाल्यांच्या हाती असे. सकाळी दरवाजाशी माणसांची गर्दी व्हायची. टोळीवाला हवे तेवढे गडी निवडून आत न्यायचा, आणि उरलेले परत फिरायचे. आत गेला त्याला त्या दिवसाची मजुरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा दरवाजा. गड्यांची नावे लिहून ठेवण्याचे टोळीवाल्याला कारणच नसे. त्याला फक्त डोकी मोजायची असत.

दादाची मनीऑर्डर दर महिन्याला यायची. एप्रिलच्या शेवटी गावात मुंबईहून पळून आलेली माणसे दिसू लागली. कोणी म्हणे जपानी आले, कोणी म्हणे समुद्र पेटला. दादाच्या खोलीतले दोघे आले. ते एवढेच सांगू शकले की, त्या शुक्रवारी सकाळी तो डबा घेऊन खाली उतरला होता. त्याला काम मिळाले की नाही, मिळाले तर कोणत्या धक्क्यावर, हे त्यांना ठाऊक नव्हते.

माझे पणजोबा मुंबईला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. महिनाभर ते इस्पितळे हिंडले, मढी ठेवलेल्या जागा हिंडले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या. एका कचेरीत त्यांना विचारले, “तुमचा मुलगा तिथं कामाला होता याला पुरावा काय?” टोळीवाला भेटला, त्याच्या स्वतःच्या हाताला बांधलेले फडके अजून सुटले नव्हते. तो म्हणाला, “बाबा, त्या दिवशी तीस गडी आत नेले. त्यांत तुझा असेल. नसेलही. चेहरे आठवतात, नावं मी कधी विचारलीच नाहीत.” पणजोबा दादाची ट्रंक घेऊन परत आले.

देह मिळाला नव्हता. भटजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायला सांगितले. पणजी तयार होईना. “पुतळा जाळलात तर तो येईल तेव्हा त्याला काय सांगू?” असे तिने विचारले आणि त्यावर कोणाला काही बोलता आले नाही. वर्ष गेले, दोन वर्षे गेली. क्रिया झालीच नाही. दर दिवाळीला फराळाचे एक ताट जास्तीचे वाढले जाई, आणि दुपारी ते गुपचूप गुराख्याच्या पोराला दिले जाई.

आणि भाऊबीजेला आजी चंद्राला ओवाळी. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, ही आपली जुनी रीत. पण आजीचा त्यात एक हट्ट होता. ती आधी अंगणात पाट मांडायची, पाटाभोवती रांगोळी घालायची, त्यावर सुपारी ठेवून तिला ओवाळायची, आणि मग चंद्राकडे ताम्हन फिरवायची. लहानपणी मी विचारले, “आजी, दोनदा का गं?” ती म्हणाली, “चंद्राला ओवाळते ते भाऊ नाही म्हणून. पाटाला ओवाळते ते आहे म्हणून. दोन्हींतलं खरं कुठलं ते मला कोणी सांगितलंय?” २००९ साली ती गेली. तोवर पासष्ट भाऊबिजा तिने अशा दोनदा ओवाळल्या.

मुलीने विचारलेले मधले पाचशे ते हेच. ज्यांचे प्रेत मिळाले, ज्यांचे नाव एखाद्या हजेरीपटावर होते, ज्यांच्यामागे कोणी पुरावा दाखवू शकले, ते मोजले गेले. उरलेल्यांसाठी इतिहासाने ‘ते’ हा एक शब्द लिहून ठेवला. पुढे १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. कामगारांची नोंद ठेवावी, त्यांना नियमाने काम द्यावे, याची त्यात तरतूद झाली, आणि १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. युनियनच्या माणसांनी झगडून मिळविलेली ही गोष्ट. नाव लिहिले जाणे हा केवढा मोठा हक्क आहे, हे ज्याचे नाव लिहिलेले असते त्याला सहसा कळत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि त्या मुलीला उभी करून म्हणालो, “काल मी तुला गप्प बसवलं, ते चुकलं.” मग सगळ्या वर्गाला दादाची गोष्ट सांगितली. पोरे चिडीचूप ऐकत होती. संपल्यावर तीच मुलगी पुन्हा उठली.

“गुरुजी, त्यांचं नाव काय होतं?”

माझ्या हातात खडू होता. मी फळ्याकडे वळलो आणि तसाच उभा राहिलो. मला नाव माहीत नव्हते! आजीने कधी ‘दादा’खेरीज दुसरे काही म्हटले नव्हते, आणि कादंबऱ्यांतल्या कल्पित माणसांना नावे शोधण्यात रात्री घालविणाऱ्या या नातवाने तिला ते एकदाही विचारले नव्हते. टोळीवाल्याला मी इतकी वर्षे मनातून दोष देत आलो. पण तीस माणसांच्या गर्दीत त्याने जे केले, तेच मी घरच्या एका माणसाच्या बाबतीत केले होते.

उन्हाळ्याच्या सुटीत आजीच्या माहेरी जाऊन आलो. घर पडले आहे. भावकीतल्या एका म्हाताऱ्या काकूंना मुंबईला जाऊन न परतलेला मुलगा आठवला, त्याचे ताट आठवले. नाव आठवले नाही. ट्रंक कोणी मोडीत दिली होती.

दिवाळीला आपली घरे माणसांनी भरतात. फराळाभोवती चार पिढ्या बसतात, आणि आपण त्यांच्याशी चकलीच्या खुसखुशीतपणावर बोलतो. यंदा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा. त्यांनी ज्यांना दादा, ताई, काका म्हटले, त्यांची नावे विचारून घ्या आणि कुठेतरी लिहून ठेवा; वहीच्या मागच्या पानावर लिहिलीत तरी चालेल.

आमच्याकडे यंदा भाऊबीजेला माझी बहीण येणार आहे. माझ्या पाटाशेजारी आणखी एक पाट मांड, असे मी तिला कळविले आहे. सुपारीला नाव लागत नाही.