जामनेरच्या वरातीतला गॅस

वैशाख महिना, साल १९३५. भागदरा मागे पडलंय आणि तुमच्या गाडीचा शेवटचा टप्पा सुरू झालाय. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, त्यामुळे डबा डुलतो आणि समोरच्या बाकावरच्या आप्पांचा गुडघा दर वळणाला तुमच्या गुडघ्यावर आदळतो. पाचोऱ्याहून जामनेर पस्तीस मैल. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर असं प्रत्येक ठिकाणी थांबत, पाणी घेत, पोती चढवत-उतरवत गाडी आली आहे. ही लाईन सुरू होऊन जेमतेम सोळा वर्षं झालीत, पण आप्पा तिला घरच्यासारखं 'पीजे' म्हणतात.

जामनेरला उतरलात की आधी ऊन तोंडावर येतं. दिवस मावळतीला आलाय, तरी फलाटाचा मुरूम वहाणेतून पोळतो. मागच्या डब्यातून सामान उतरतंय. त्यात पत्र्याचे चौकोनी डबे आहेत, एकेक चार गॅलनचा. आत घासलेट. त्यातलं बरंचसं ब्रह्मदेशातून येतं. तिथल्या विहिरींतून काढलेलं, रंगूनजवळच्या सिरियमच्या कारखान्यात शुद्ध केलेलं तेल बोटीनं मुंबईला, तिथून मोठ्या रेल्वेनं पाचोऱ्याला आणि शेवटी या लहान गाडीतून इथं. एक हमाल डबा खांद्यावर घेतो. तुम्ही त्याच्या मागे चालू लागा. तो जिथं जाईल तिथंच आज तुमचं काम आहे.

कांग नदीच्या पात्रात फक्त वाळू आहे. पलीकडे गाव, आणि गावात लग्न. मांडवाच्या मागे चुलवणावर वरणाचं मोठं पातेलं चढलंय, बट्ट्या उकडून झाल्यात, आता तळायच्या आहेत. वांगी घोटायला दोन तरणी पोरं घाम गाळतायत. वास असा की पाय आपोआप तिकडे वळतात. पण हमाल उजवीकडे वळतो, एका बंद दुकानाच्या ओट्यापाशी डबा ठेवतो आणि निघून जातो.

ओट्यावर आठ गॅसबत्त्या ओळीनं मांडल्यात. त्यांच्यासमोर बनियन घातलेला, पन्नाशीचा एक माणूस उकिडवा बसलाय. मान वर न करताच तो म्हणतो, "काय पाहू राह्यले भाऊ? बसा. पन थोडं लांब बसा."

बसा, आणि नीट पाहा. जामनेरला गॅसची कंपनी नाही. मुंबईत १८६५ सालीच रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. तिथला गॅस दगडी कोळसा भट्टीत तापवून निघायचा, मोठाल्या टाक्यांत साठायचा आणि जमिनीखालच्या नळांतून भेंडीबाजारात, एस्प्लनेडवर पोचायचा. त्यासाठी कारखाना लागला, भांडवल लागलं, रस्ते खणावे लागले. इथं या ओट्यावर त्यातलं काहीच नाही. आहे ती हातभर उंचीची पितळी वस्तू, आणि ती तेवढ्या जागेत स्वतःचा गॅस स्वतः तयार करते. मला विचाराल तर मुंबईच्या मैलोगणती नळांपेक्षा या पितळी टाकीतली करामत मोठी आहे.

बत्तीवाला डब्याला भोक पाडतो. चाडीत धोतराचा तुकडा धरून घासलेट गाळतो, कारण तेलातला बारीकसा कण रात्री दगा देऊ शकतो. टाकी काठोकाठ भरत नाही. वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवतो. ती जागा हवेची. मग झाकण घट्ट पिळतो.

आता मेंटल. कागदाच्या पुडीतून तो एक मऊ पिशवी काढतो, बाहुलीच्या टोपड्याएवढी. ती चिनीमातीच्या तोटीवर बसवतो, दोरा ओढून गाठ मारतो, सुरकुत्या बोटांनी सारख्या करतो. ही पिशवी सुताची दिसते, पण सूत फक्त सांगाडा आहे. ते थोरियमच्या क्षारात भिजवून वाळवलेलं आहे, त्यात किंचित सेरियम. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि मागे उरते ती धातूंच्या भस्माची जाळी. तीन हजार अंशांच्या पुढेही न वितळणारी, पण बोट लागलं तर पीठ होणारी. व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये अशा जाळीचं पेटंट घेतलं. त्याच्या पहिल्या जाळ्यांचा उजेड हिरवट पडायचा, लोकांना आवडला नाही. १८९१ मध्ये त्याला नेमकं प्रमाण सापडलं : नव्व्याण्णव भाग थोरियमचं भस्म आणि एक भाग सेरियमचं. आज जामनेरात जो पांढरा उजेड पडणार आहे, तो त्या एका भागाचा आहे.

आणि हे थोरियम कुठलं? १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्यात अडकलेली वाळू दिसली. ती मोनाझाइटची होती, थोरियमनं भरलेली. मग मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावरून ती वाळू जहाजांनी युरोपात जाऊ लागली. तिकडून ती पुडीत बंद होऊन परत आली आणि आता या ओट्यावर, या माणसाच्या बोटांत आहे. पुडीत किरणोत्सर्ग आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो दोऱ्याचं उरलेलं टोक दातांनी तोडतो आणि थुंकतो. त्याला सांगावंसं वाटेल तुम्हाला. कोणत्या शब्दांत सांगाल?

तो नळीच्या बुडाशी असलेल्या वाटीत स्पिरिट ओततो आणि काडी लावतो. निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत नळीला वेढते. आता थांबायचं.

इथली घाई महागात पडते. टाकीतून वर जाणारी नळी जाळीच्या अगदी शेजारून जाते. घासलेटातले निरनिराळे घटक साधारण दीडशे ते पावणेतीनशे अंशांच्या दरम्यान उकळतात. नळी तेवढी तापली तरच वर चढणाऱ्या तेलाची वाफ होईल. नाहीतर तेल पातळच बाहेर येईल, पिवळा भडका उडेल आणि नवीकोरी जाळी काजळीनं काळी पडेल.

द्रवापासून उजेडाचा वायू काढायची ही धडपड जुनी आहे. १८१५ मध्ये जॉन टेलर यांनी इंग्लंडमध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. लोखंडी भांडं लाल होईपर्यंत तापवायचं आणि त्यात तेलाची धार सोडायची, की तेल फुटून वायू होतो. तिकडे त्यासाठी देवमाशाचं तेलसुद्धा वापरत. हाच वायू दाबून बाटल्यांत भरून घरोघर विकला जाई. त्या बाटल्यांच्या तळाशी जमणाऱ्या द्रवातून मायकल फॅरडे यांनी १८२५ मध्ये बेंझिन शोधलं. पुढे बर्लिनच्या युलियस पिंच यांनी तेलाचा गॅस टाक्यांत भरून आगगाड्यांच्या डब्यांत नेला. पण या सगळ्यांत भट्टी एका जागी आणि दिवा दुसऱ्या जागी. भट्टी आणि दिवा एकाच अंगात आले ते नंतर. आर्थर किटसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घासलेटची वाफ करून जाळीत जाळणारा दिवा काढला. तो दीपगृहांत गेला, आणि आपल्याकडे सभा-समारंभांतही किटसनच्या बत्त्या झळकल्या. पाठोपाठ बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कारखान्याची पेट्रोमॅक्स आली. ती हातात धरून कुठंही नेता येते, म्हणून लग्नघरांनी तिला आपलंसं केलं.

"तापली," बत्तीवाला म्हणतो. स्पिरिट संपत आलंय. तो पंप मारू लागतो, एका लयीत, मनाशी मोजत. काट्याची सुई लाल रेघेकडे सरकते. मग बाजूचं चाक फिरवतो. आतली पिन खाली सरते, नळीच्या टोकाचं भोक मोकळं होतं, आणि ऐका : फस्स. ती तेलाची वाफ आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ती जोरात बाहेर पडते, वाटेत आजूबाजूची हवा ओढून घेते, वरच्या वाकड्या नळीत हवेशी मिसळते आणि उलटी खाली येऊन जाळीत शिरते. जाळी क्षणभर काळवंडते, धूर सोडते, आक्रसते. आणि मग ओट्यावरची, भिंतीवरची, समोरच्या घराच्या सज्ज्यावरची प्रत्येक वस्तू एकदम पांढरी होते.

तुमचे डोळे मिटतात. पाचशे मेणबत्त्यांचा दिवा म्हणून हा विकला जातो. मघापासून तुम्ही पाहत होतात ते गाव आता निराळं दिसतं. दाराच्या चौकटीवरची नक्षी, गाईच्या कपाळावरचा डाग, बत्तीवाल्याच्या हातावरचे भाजल्याचे जुने व्रण. आता स्पिरिट लागणार नाही. जाळीच्याच उष्णतेनं नळी तापत राहील, तापल्या नळीतून वाफ येत राहील, वाफेनं जाळी पेटती राहील. टाकीत घासलेट आणि दाब असेपर्यंत हे चक्र चालेल. भरलेली टाकी आठ तासांच्या आसपास पुरते. अधूनमधून पंप मारायचा, बस्स.

यापूर्वी वराती मशालींवर निघायच्या. मशालजी बुधल्यातून तेल पाजत पाजत चालायचे, तिळाचं नाहीतर करडईचं. धूर डोळ्यांत, ठिणग्या पागोट्यांवर. तो उजेड हलायचा, चेहरे दिसायचे आणि हरवायचे. आजचा उजेड हलत नाही. आज नवरदेवाच्या मुंडावळ्यांतला एकेक मणी मोजता येईल.

आठही बत्त्या पेटतात आणि त्या उचलणारे येतात. इतका वेळ ते ओट्याच्या खाली, अंधारात बसलेले होते. तुमचं लक्ष गेलं नव्हतं. पाच बाया, तीन पुरुष. गावाबाहेरच्या वस्तीतले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळकुट, फळकुटावर बत्ती. भरलेली बत्ती साडेतीन शेरांच्या आसपास भरते. एवढं वजन त्यांना नवं नाही. अवघड आहे ते चालणं. हिसका बसला की जाळी पडली, आणि जाळीचे पैसे मजुरीतून कापले जातात. म्हणून त्यांची मान, पाठ, कंबर सगळं एका रेषेत राहतं आणि फक्त पाय चालतात. ठेचाळलं तरी डोकं हलत नाही.

मारुतीच्या देवळापासून वरात निघते. पुढे डफ आणि सनई, मध्ये घोड्यावर नवरदेव, दोन्ही बाजूंनी बत्त्या. तुम्ही गर्दीतून पुढे सरकता आणि तिसऱ्या बत्तीखालच्या बाईचा चेहरा पाहायचा प्रयत्न करता. दिसत नाही. पेट्रोमॅक्समध्ये जाळी वर आणि टाकी खाली असते. उजेड चारी बाजूंना लांबवर जातो, पण टाकीची आणि फळकुटाची गोल सावली नेमकी उचलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि खांद्यांवर पडते. वरातीत सगळ्यांचे चेहरे लखलखतात. हे आठ चेहरे तेवढे दिसत नाहीत.

ही रचना बर्लिनमधल्या कुणी मुद्दाम केलेली नाही. टाकी खाली हवी, ती यंत्राची गरज. पण ती पंगत बघा. वाड्याच्या अंगणात पानं मांडली जातात, वरण-बट्टीवर तुपाची धार पडते, आणि आठ बत्त्या पंगतीच्या कडेला उभ्या राहतात, डोक्यांसकट. ज्यांच्या डोक्यावरचा उजेड पानावर चालतो, त्यांची सावली त्या पानावर चालत नाही. वाढपी त्यांना वळसा घालून जातो. हे यंत्रानं ठरवलेलं नाही. हे माणसांनी ठरवलंय, आणि ते ठरवणारे याच अंगणात जेवायला बसलेत. तुम्हाला कुणी पान मांडून दिलंय, बसा म्हणतायत. तुमचा घास अडतो. अडू द्या.

मध्यरात्र होते. एका बत्तीचा आवाज बदलतो, उजेड पिवळट होऊन धडधडू लागतो. नळीच्या भोकात कचरा बसलाय. बत्तीवाला धावत येतो, बाईच्या डोक्यावरून बत्ती उतरवतो, चाक मागे-पुढे फिरवून पिन मारतो, पंप देतो. उजेड पुन्हा पांढरा होतो. पण बाई मान चोळत भिंतीला टेकून बसलीय, लगेच उठत नाही. बत्तीवाला इकडे-तिकडे बघतो आणि तुमच्याकडे वळतो.

"भाऊ, दोन मिंटं धरता का? मांडवाच्या दारापावतो."

घ्या. चुंबळ तिच्या घामानं ओली आहे. बत्ती डोक्यावर येते तशी आच टाळूपर्यंत उतरते. आवाज कानात इतका भरतो की सनई लांब गेल्यासारखी वाटते. मान ताठ ठेवा. समोर पाहा. पंधरा हात दूरपर्यंत सगळं स्वच्छ दिसतंय, फक्त स्वतःचे हात दिसत नाहीत. जळक्या पंखांचे किडे कपाळावर पडतात आणि ते झटकायला हात वर नेता येत नाही. पावलं आपोआप बारीक होतात. समोरच्या बाजेवर बसलेले पाहुणे तुमच्याकडे बघतात, आणि त्यांची नजर तुमच्या डोक्याच्या वर थांबते.

मांडवाच्या दाराशी ती बाई उभी आहे. "द्या," म्हणते, आणि बत्ती अशी उचलून घेते की जाळी हलतही नाही. तुम्ही विचारता, मावशी, रात्रीचे किती मिळतात? ती आकडा सांगत नाही. "जाळी राह्यली तर पुरे मिळतीन."

पहाटे चारला बत्तीवाला चाकं सोडतो. दाब सुस्कारा टाकत बाहेर पडतो, एकेक जाळी लाल होऊन विझते. आठांपैकी सात शाबूत. आठवी एका पुरुषाच्या बत्तीतली, पंगत उठताना कुणाचा तरी धक्का लागलेली. बत्तीवाला ती फुटकी जाळी नखानं खरवडून ओट्याखाली झटकतो आणि नवी पुडी उघडतो. मग पैसे वाटतो. धक्का लागलेला माणूस आपले पैसे मोजतो, पुन्हा मोजतो, काही बोलत नाही. तिसऱ्या बत्तीखालची ती बाई बोलते.

"धक्का पाव्हन्यानं देला. पैसे याचे कामून कापता?"

बत्तीवाला गप्प राहतो. मग चंचीतून एक आणेली काढून त्या माणसाच्या हातावर ठेवतो आणि विचारतो, उद्या शेंदुर्णीला लग्न आहे, बारा बत्त्या लागतील, कोण कोण येतं? सगळे येतो म्हणतात. सकाळच्या गाडीनं बत्त्या जातील. माणसं पायी निघतील, आत्ताच, ऊन चढायच्या आधी.