कन्नड ते कुर्ला, व्हाया १९७९

कन्नडच्या स्टँडवर चाळीसगावची एसटी लागते न लागते तोच तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता. कन्नडच्या माणसाला मुंबई गाठायची तर जवळची रेल्वे चाळीसगावची. घाट उतरायचा, गाडी धरायची, कुर्ल्याला उतरायचं. खिशातल्या मोबाइलच्या नोट्समध्ये एक रॅप आहे. मक्याचा पडलेला भाव, मोंढ्यातली हमाली, घाटातला जाम, सगळं त्यात बसवलंय आणि यमकंही जमलीत. घरी कुणाला पत्ता नाही, कारण घरी ‘कुठवर आलं तुझं पोलीस भरतीचं?’ एवढंच विचारतात.

औट्रम घाटात गाडी अडकते. इथे एकदा वाहतूक खोळंबली की घड्याळ बघण्यात अर्थ नसतो, हे कन्नडकराला वेगळं सांगायला नको. गौताळ्याच्या अंगाने धुकं वर चढतं. पाय मोकळे करायला तुम्ही खाली उतरता आणि उतरता ते भलत्याच गावात.

साल १९७९. उन्हाळा सरत आलाय. गावाचं नाव एंगलवूड, राज्य न्यू जर्सी. नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क. समोर पिझ्झाचं दुकान आहे आणि काउंटरमागे एक धिप्पाड गडी मैद्याने माखलेल्या हातांनी काम करतोय. शेजारी कॅसेट वाजतेय, तिच्याबरोबर तोही तालात शब्द फेकतोय. हा हेन्री जॅक्सन, ऊर्फ बिग बँक हँक. कॅसेटमधला आवाज मात्र त्याचा नाही. तो आहे ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर कॅझचा. हँक त्याचा मित्र आणि मॅनेजर. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेवढ्यात बाहेर एक मोटार थांबते. आत बसलीय सिल्व्हिया रॉबिन्सन. १९५७च्या सुमारास ‘लव्ह इज स्ट्रेंज’ गाजवलेली ही गायिका आता चाळिशी ओलांडून गेलीय. नवऱ्याबरोबर चालवलेला रेकॉर्डचा धंदा डबघाईला आलाय. हार्लेममधल्या एका क्लबात तिने डीजेला नुसतं तालात बोलताना पाहिलं, समोरची गर्दी बेभान होताना पाहिली, आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला: हे तबकडीवर आलं तर? ब्राँक्समधल्या पोरांना हा प्रश्न पडलेला नव्हता. डीजे कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ला सेजविक अॅव्हेन्यूवरच्या इमारतीत बहिणीची पार्टी वाजवली, तेव्हापासून सहा वर्षं हे सगळं गल्लीत आणि क्लबांत रात्रभर चालायचं. रात्रभराची गोष्ट रेकॉर्डवर मावते कुठे?

हँक ॲप्रनसकट मोटारीत बसतो आणि म्हणून दाखवतो. रस्त्यावरून जाणारा गाय ओब्रायन थांबतो, मलाही येतं म्हणतो. तिसरा मायकेल राइट. सिल्व्हिया तिघांनाही घेते. तिघांनी आजवर एकत्र एक ओळही म्हटलेली नाही आणि त्यांचा ‘शुगरहिल गँग’ नावाचा ग्रुप मात्र तयार आहे. मराठी सिनेमात अशा जुळणीला आपण हसलो असतो.

आता स्टुडिओत चला. खरी गंमत इथे आहे.

त्या उन्हाळ्यात शीक या बँडचं ‘गुड टाइम्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच्या बासची चाल सिल्व्हियाला हवी आहे. पण गाण्याचा तुकडा उचलून फिरवत ठेवणारं यंत्र तिच्या हाताशी नाही. म्हणून ती वाजवणारी माणसं बसवते. बास गिटारवर चिप शिअरिन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा आहे. त्याला सांगितलंय, तीच चाल पंधरा मिनिटं न चुकता वाजव. काचेच्या अलीकडून तुम्ही बघत राहता. पाचव्या मिनिटाला त्याची मान ताठरते. दहाव्या मिनिटाला तो कुणाकडेच बघत नाही, नजर फक्त डाव्या हाताच्या बोटांवर. आज तुम्ही फोनमध्ये चार मात्रांचा लूप लावता आणि चहाला जाता. इथे लूप म्हणजे एका पोराची बोटं. या कामाचे त्याला ७० डॉलर मिळाले, असं तो पुढे सांगायचा.

तिघं माइकसमोर उभे राहतात. एकाने सोडलेली ओळ दुसरा उचलतो, दुसऱ्याची तिसरा. कलगी-तुऱ्याचा फड पाहिलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. हँकची पाळी येते आणि तुमचे कान टवकारतात. तो स्वतःची ओळख करून देताना अक्षरं सुटी सुटी उच्चारतोय, आणि त्या अक्षरांतून नाव बनतंय ते हँकचं नाहीच. कॅसानोव्हा फ्लाय! हे तर कॅझचं जुनं टोपणनाव. हँकने मित्राची वही मागून आणली, त्यातला मजकूर जसाच्या तसा म्हटला आणि त्यातलं नाव काढायचंही त्याला सुचलं नाही. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ची शिस्त आहे. वामनदादा कर्डकांच्या गीतांतही ‘वामन’ येतो. शेवटच्या चरणातलं हे नाव म्हणजे कवीने मारलेला शिक्का. आपल्याकडचा चोर निदान तो शिक्का तरी खरवडून काढतो.

‘रॅपर्स डिलाइट’ सप्टेंबर १९७९मध्ये बाजारात आलं. लांबी १४ मिनिटं ३५ सेकंद. बारा इंची तबकडीवर एवढं लांब गाणं रेडिओने वाजवायचं कसं? त्यासाठी छोट्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. अमेरिकेच्या हॉट १०० यादीत ते ३६व्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि कॅनडात थेट पहिल्या. ते जगातलं पहिलं रॅप रेकॉर्ड होतं असं छातीठोक सांगणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नका. फॅटबॅक बँडचं एक गाणं थोडं आधी आलं होतं. पण रॅप विकलं जातं हे जगाला पटवलं ते याच गाण्याने. ३६ हा आकडा फसवा आहे. पहिल्या क्रमांकावरची त्या वर्षीची कितीतरी गाणी आज कुणाला आठवत नाहीत.

शीकच्या नाइल रॉजर्सने न्यूयॉर्कच्या क्लबात आपलीच चाल ऐकली आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं गाण्याच्या कर्त्यांत लागली. कॅझचं नाव गाण्यात होतं, कागदावर नव्हतं. त्याला ना श्रेय मिळालं, ना पैसे. माझ्या मते या गाण्याचा खरा इतिहास त्या ३६ क्रमांकात नाही, या वाक्यात आहे.

धुकं पुन्हा दाटतं. पुढचा थांबा घरचाच: कन्नड, १९९२ नंतरचं एखादं वर्ष. कॅसेटच्या दुकानात कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरून न्यायची. यादीत आनंद शिंदे असतात, भक्तिगीतं असतात, आणि कॉलेजच्या पोरांनी हळूच लिहिलेलं बाबा सेहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’. मॅग्नासाउंडने १९९२मध्ये काढलेल्या या अल्बमने हिंदीत रॅप खपवून दाखवलं. सेहगल मूळचा लखनौचा, शिक्षणाने इंजिनिअर. ती चाल मात्र व्हॅनिला आइसच्या ‘आइस आइस बेबी’वरची. ते १९९०मध्ये हॉट १००वर अव्वल ठरलेलं पहिलं रॅप. आणि त्याचा बास घेतला होता क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१च्या ‘अंडर प्रेशर’मधून, तोही आधी श्रेय न देता. म्हणजे क्वीन-बोवींचा माल तीन हात बदलून कन्नडच्या टेपरेकॉर्डरमध्ये पोचला, आणि तुमच्या कोऱ्या कॅसेटवर तो भरून घेतला तो चौथा हात. सगळेच त्यातले.

आता कुर्ला. जानेवारी २०१४.

टर्मिनसवरून बाहेर पडून तुम्ही पश्चिमेच्या वस्तीत शिरता. पिन कोड ४०००७०. पोरं अभिमानाने ‘बॉम्बे ७०’ म्हणतात. नावेद शेख नावाचा मुलगा, स्टेजवरचं नाव नेझी, शॉन पॉलची गाणी पाठ करत या वाटेला लागलेला. त्याच्याकडे वडिलांनी दिलेलं आयपॅड आहे. स्टुडिओ तोच. बीट नेटवरून उतरवून घेतलेला. त्यावर आवाज रेकॉर्ड केला आयपॅडवर, आणि व्हिडिओही आयपॅडवरच, याच गल्ल्यांत, मित्रांना घेऊन. ‘आफत!’ यूट्यूबवर चढतं. सिल्व्हियाला काय काय जमवावं लागलं होतं ते तुम्ही आत्ताच पाहून आलाय. इथे त्यातलं काहीच लागलं नाही.

तिकडे अंधेरीच्या जे. बी. नगरमध्ये, पिन कोड ४०००५९, व्हिव्हियन फर्नांडिस म्हणजे डिव्हाइन. सुरुवात इंग्रजी रॅपने केलेला, मग गल्लीच्या हिंदीकडे वळलेला. त्याचं ‘ये मेरा बॉम्बे’ २०१३चं. या दोघांनी मिळून २०१५मध्ये ‘मेरे गली में’ केलं. बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा, कंपनी सोनी म्युझिक. सेट लावलेला नाही, गल्लीतली खरी गर्दी, खरे जिने, भाषाही नाक्यावरची. इंग्रजी शाळेचा रॅपर होण्याची धडपड दोघांनी सोडली तिथेच गाणं हातात आलं, असं मला वाटतं.

चार्टचं विचाराल तर एक चक्कर २०१५च्या कन्नडला मारा. जिओ यायला अजून वर्षभर आहे, तो ५ सप्टेंबर २०१६ला येईल. नेट महाग. मोबाइलच्या दुकानावर पाटी: ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. दुकानदार कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडतो, सगळं निवडतो, कार्डात ओततो. त्यात लग्नाची डीजे गाणी, भीमगीतं, साउथचे डब केलेले सिनेमे आणि मध्येच कुठेतरी एखादं गल्लीचं रॅप. एका फोनमधून दुसऱ्यात ब्लूटूथने सरकताना ते कुठल्याच यादीत मोजलं जात नाही. गावाकडचा चार्ट म्हणजे हे फोल्डर.

नेझीचा तो आयपॅडवरचा व्हिडिओ झोया अख्तरला तिच्या संकलकाने दाखवला. त्यातून ‘गली बॉय’ उभा राहिला. १४ फेब्रुवारी २०१९ला सिनेमा लागला, पुढच्या वर्षी त्याने १३ फिल्मफेअर पटकावले आणि ‘मेरे गली में’ नव्या रूपात देशभर वाजलं. रणवीर सिंग पडद्यावर होता आणि गाण्यातही गायला. पण डिव्हाइन आणि नेझी त्यात स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या नावानिशी राहिले. कॅझच्या वहीचं जे झालं ते यांच्या वहीचं झालं नाही. सिनेमाने या दोघांच्या आयुष्याचं जरा जास्तच गोड केलं, ही तक्रार खरी आहे. तरी नावं राहिली, आणि माझ्या लेखी ते मोठं आहे.

मराठीचा नंबर लागायला २०२४ उजाडलं. क्रेटेक्स हा संगीतकार आणि श्रेयस सागवेकर हा रॅपर यांनी ‘तांबडी चामडी’ केलं, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते काढलं आणि त्या मोसमात रील उघडली की तेच. भाषा मराठीच ठेवली, कुणाला समजावं म्हणून पातळ केली नाही. ज्यांना शब्द कळत नव्हते तेही त्यावर नाचले.

एसटी हलते. घाट मोकळा झालाय आणि तुम्ही पुन्हा तुमच्या जागेवर आहात, रुमाल अजून तिथेच. आता मोबाइलमधल्या त्या रॅपबद्दल चार कामाच्या गोष्टी, चाळीसगाव येईपर्यंत.

यूट्यूबवर ‘फ्री बीट’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा पैसे न कमावण्याच्या अटीवर फ्री असतं. गाणं विकायचं किंवा स्ट्रीमिंगला टाकायचं तर बीट करणाऱ्याकडून लायसन्स घ्या, आणि त्याचा कागद जपून ठेवा. दोघा-तिघांनी मिळून लिहिलं असेल तर कुणाचा किती वाटा हे रेकॉर्डिंगच्या आधी लिहून सह्या करा. दोस्तीत असलं काय लिहायचं, असं हँक आणि कॅझलाही वाटलं असेल. २०१२मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर भांडले. त्यांचीच मुलगी पुढे ‘गली बॉय’ काढणार होती. त्या दुरुस्तीमुळे गीतकाराने सिनेमासाठी किंवा रेकॉर्डिंगसाठी आपले हक्क कंपनीला विकले, तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा त्याचा अधिकार विकला जात नाही. अपवाद थिएटरात सिनेमासोबत गाणं वाजतं तेवढा. हा पैसा गोळा करून गीतकार-संगीतकारांना वाटणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, आयपीआरएस. ती १९६९पासून आहे आणि तिचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. गाणं लिहिणाऱ्याला तिचं सदस्य होता येतं. गाणं बाहेर पडलं की तिचा अर्ज भरा, तो ऑनलाइन भरता येतो.