मात्रेचे अंश आणि लिपी

काशीतील रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात वेदाध्ययन करणाऱ्याला मात्रा प्रथम कळते, ती उच्चाराचे परिमाण म्हणून. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन, प्लुताला तीन आणि व्यंजनाला अर्धी मात्रा, ही शिक्षाशास्त्राची वाटणी होय. संगीताने हाच शब्द तालाच्या एककासाठी योजिला. परंतु गायकवादकांचे काम अर्ध्या मात्रेवर भागत नाही. एका मात्रेत तीन, पाच, सात असे विषम अंश बसवावे लागतात. दोन मात्रांच्या अवकाशात तीन समान आघात आले, की आड लय होते. मुखाने शिकविली जाणारी ही विभागणी कागदावर कशी उतरवावी, हा प्रश्न दोन महाराष्ट्रीयांनी भिन्न वाटांनी सोडविला.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी (१८७२–१९३१) प्रत्येक स्वराला त्याच्या कालमूल्याची खूण दिली. त्यामुळे स्वराचा काल त्याच्याजवळच वाचता येतो. मात्र अर्ध्या-पाव मात्रांच्या खुणा एकतृतीयांशाला चालत नाहीत, त्याला निराळी खूण लागते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी मोजणीची दिशाच उलटविली. एका मात्रेतील स्वर एकत्र लिहून त्यांनी खाली अर्धचंद्र काढला. आत तीन स्वर असतील तर प्रत्येकाला एकतृतीयांश, पाच असतील तर एकपंचमांश. एखादा स्वर लांबला तर त्यापुढे आडवी रेघ. पाश्चात्त्य लिपीत साध्या तालातील तीनच्या गटावर आकडा घालून अपवाद जाहीर करावा लागतो. भातखंड्यांच्या अर्धचंद्राला सम आणि विषम सारखेच.

या दोन्ही परंपरांचा काशीशी संबंध आला. भातखंड्यांच्या पुढाकाराने भरणारी अखिल भारतीय संगीत परिषद १९१९ मध्ये येथे भरली. पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी १९५० मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा स्वीकारली.

लिपीमुळे घराण्याबाहेरच्या विद्यार्थ्यालाही बंदिशीचे दार उघडले, हे तिचे ऐतिहासिक ऋण आहे. तथापि समान अंश हे लेखनाचे गृहीतक आहे. शब्दाच्या वजनाने गाताना तिसरा स्वर किंचित मागे रेंगाळतो, आणि ते रेंगाळणे अर्धचंद्रात मावत नाही. वेदाची पोथी छापली गेली, तरी पाठ गुरुमुखातूनच घ्यावा लागतो. बंदिशीचेही तसेच आहे. लिपी अंशांची संख्या सांगते. त्यांचा तोल मात्र कानानेच शिकावा लागतो.