हिरवळ (लॉन), कोलकात्यातील

एकाच जातीचे बुटके गवत दाट वाढवून ठरावीक उंचीवर कापत राखलेली जमीन म्हणजे हिरवळ. कोलकात्यात ती मुख्यतः दूर्वांची असते. महाराष्ट्रात शेतकरी ज्या हरळीला शिव्या घालतो, तीच ही वनस्पती (शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन). बंगालीत तिला ‘दुब्बो घास’ म्हणतात. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा बंगालात धान्यासह आशीर्वाद देताना मस्तकावर ठेवतात. ‘मैदान’ नावाचे मोकळे पटांगण, ईडन गार्डन्स, व्हिक्टोरिया मेमोरियलचे आवार, अलीपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय, टॉलीगंजची गोल्फ मैदाने आणि सॉल्ट लेकमधल्या घरांसमोरचे चौकोन हे तिचे ठळक विस्तार होत. थंड देशांतल्या पुस्तकांत हिरवळीचे वर्ष वसंतातल्या आणि शरदातल्या खतांभोवती फिरते. कोलकात्यात ते पाण्याभोवती फिरते. येथे पाण्याचा निचरा साधला की निम्मी निगा झाली, आणि तो बिघडला तर खत आणि तणनाशक दोन्ही वाया जातात.

पूर्वपीठिका : १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. त्यासाठी गोविंदपूर गावची वस्ती हलवली. तोफांच्या माऱ्याला आड काही येऊ नये म्हणून किल्ल्याभोवतीचे जंगलही तोडले. आजचे मैदान त्यातून उरले. त्याचे क्षेत्र सुमारे ४०० हेक्टर असून ताबा लष्कराकडे आहे. ही हिरवळ कोणी पेरलेली नाही. मोकळ्या उन्हात, चराईखाली आणि पायांखाली जे गवत टिकले, त्यात दूर्वा वरचढ ठरली. आजही येथे शेळ्यामेंढ्यांचे कळप चरतात. गवत वाढण्याआधी खुडले जाणे आणि लेंडीखत थेट जमिनीवर पडणे ही कापणी-खताची सर्वांत जुनी पद्धत येथे अजून चालू आहे.

राखलेल्या हिरवळीची परंपरा क्लबांमुळे रुजली. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. कलकत्ता साउथ क्लब १९२० चा. त्याच्या गवती टेनिस कोर्टांवर डिसेंबर १९६६ मध्ये रामनाथन कृष्णन यांच्या विजयाने भारताने ब्राझीलला हरवून डेव्हिस चषकाची आव्हान फेरी गाठली. उद्यानविद्येचे शिक्षण आणि रोपे यांसाठी शहराला १८२० मध्ये विल्यम कॅरी यांनी स्थापलेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचा आधार मिळाला. अलीपूरच्या तिच्या बागेतले हिवाळी पुष्पप्रदर्शन अजूनही कोलकात्याच्या बागकामाच्या वर्षातला मोठा प्रसंग आहे.

हवा आणि जमीन : कोलकात्यात वर्षाला साधारण १,७०० ते १,८०० मिमी. पाऊस पडतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत प्रत्येकी ३०० मिमी.हून अधिक. मार्च ते मे या काळात संध्याकाळी कालबैशाखीची वादळे येतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस लागतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. त्यातही नदीकाठ उंच आणि उतार पूर्वेच्या पाणथळ भागाकडे, त्यामुळे पावसाचे पाणी हुगळी नदीत न जाता उलट दिशेने वाहते. भरती-ओहोटीवर अवलंबून असलेल्या त्या वाटेने पाणी सावकाश उतरते. जमीन गंगेच्या गाळाची, बारीक कणांची. ती सुपीक आहे, पण पावसात पायाखाली दाबली गेली की छिद्रे बुजतात आणि पाणी वरच थांबते. मुळांना हवा मिळत नाही, गवत पिवळे पडते. अनुभवी नसलेला मालक हे पाहून युरिया टाकतो. उपासमार नत्राची नसून प्राणवायूची असते.

मृदासंस्कार : नवी हिरवळ घालायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुमारे ३० सेंमी. खणून ढेकळे उन्हात उघडी टाकतात. तळपत्या उन्हात लव्हाळ्याचे कंद काही प्रमाणात वाळतात. मग एकदा पाणी देऊन तण उगवू देतात आणि पुन्हा खणून काढतात. ही दुसरी खणणी उरकण्याची घाई बहुतेक जण करतात आणि पुढची पाच वर्षे तण उपटत बसतात. त्यानंतर शंभर फुटांत एक फूट या प्रमाणात उतार काढावा, पाणी जाण्याची वाट ठरवावी आणि मगच खत मिसळावे.

वाळूबाबत एक गैरसमज पक्का बसला आहे. चिकट मातीत थोडी वाळू मिसळली की निचरा होतो, असे समजतात. प्रत्यक्षात वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमातीने भरतात आणि मिश्रण आणखी घट्ट बसते. वाळू घालायची तर थरात तिचेच प्राबल्य हवे. याची मोठी साक्ष ईडन गार्डन्सने दिली. ८ ऑक्टोबर २०१५ रोजी भारत-दक्षिण आफ्रिका टी-२० सामना ओल्या मैदानामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. त्यानंतर मैदानाची माती बदलून वाळूचा थर आणि बर्म्युडा गवत घालण्यात आले. बर्म्युडा म्हणजे दूर्वेचाच निवडलेला प्रकार.   घरच्या हिरवळीला एवढा खर्च परवडणार नाही. तेथे वर्षातून एकदा बागेच्या काट्याने ८-१० सेंमी. खोल भोके पाडून त्यांत नदीची जाड वाळू भरावी. दोन-तीन वर्षांत फरक दिसतो.

चुना सरसकट टाकू नये. कोकणातल्या किंवा बांकुड्याच्या तांबड्या आम्ल जमिनीला तो मानवतो. कोलकात्याच्या गाळमातीचा सामू बहुधा उदासीनतेच्या आसपास असतो. जुने वाडे पाडून झालेल्या भरावात तर चुना-सुरखीचा राडारोडा असतो आणि जमीन अल्कधर्मी होते. अशा ठिकाणी लोह शोषले जात नाही. कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. उपाय फेरस सल्फेटची सौम्य फवारणी, नत्र नव्हे. पाणी साचल्याने आणि लोह न मिळाल्याने आलेल्या पिवळेपणांतला फरक माती-परीक्षणाने निश्चित कळतो आणि तो खर्च खताच्या एका पिशवीहून कमी असतो.

खते : कोलकात्यातल्या माळ्यांचे आवडते खत म्हणजे ‘खोल’, मोहरीची पेंड. मोहरीच्या तेलावर जगणाऱ्या शहरात ती भरपूर मिळते. तिच्यात सुमारे ५ टक्के नत्र असते. कुंड्यांसाठी ती काही दिवस पाण्यात कुजवून पातळ करून देतात. हिरवळीवर मात्र भुकटी करून, चाळलेले जुने शेणखत आणि वाळू यांत मिसळून पसरणे चांगले. न कुजलेली पेंड तशीच टाकली तर मुंग्या आणि बुरशी येतात. हाडांचा चुरा स्फुरदासाठी वापरतात. तो सावकाश विरघळत असल्याने लागवडीच्या वेळीच उपयोगी. निंबोळी पेंड नत्र सावकाश सोडते आणि हुमणीला काहीसा आळाही घालते.

वर्षातल्या दोन वेळा महत्त्वाच्या आहेत. पहिली मार्चअखेर ते एप्रिल. या वेळी वाळलेला थर दातेरी फावड्याने खरवडून काढायचा, गवत बुटके कापायचे आणि पेंड-शेणखत-वाळूचे मिश्रण अर्धा-एक सेंमी. जाडीने, पात्यांची टोके दिसत राहतील असे पसरायचे. कालबैशाखीच्या सरी ते आत उतरवतात. दुसरी वेळ दुर्गापूजेनंतरची. पाऊस सरलेला, ऊन स्वच्छ आणि रात्री अजून उबदार असतात. थंडीपूर्वी मुळे भरण्याचे हे शेवटचे आठवडे. आता १०० चौ.मी.ला एक किलो युरिया (४६ टक्के नत्र) आणि सुमारे अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश (६० टक्के पालाश) पुरते. पाने कोरडी असताना टाकून लगेच भरपूर पाणी द्यावे. दंवाने ओल्या पानांवर दाणे चिकटले की गवत जळते.

भर पावसात खत टाकणे ही सर्वांत महागडी चूक आहे. नत्राचा एक भाग वाहून तळ्यांत जातो आणि साचल्या पाण्यात जिवाणू दुसऱ्या भागाचा वायू करून टाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये द्यायचेच असेल तर उघडीप पाहून निम्म्याहून कमी मात्रा द्यावी.

कापणी : घरगुती दूर्वा ३-४ सेंमी.वर ठेवावी. पावसात आठवड्यातून एकदा-दोनदा, जानेवारीत तीन आठवड्यांतून एकदा. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापावा. चिखलात यंत्र फिरवू नये.

तण : पावसाळा हा तणांचा काळ. त्यांतला सर्वांत चिवट म्हणजे लव्हाळा, बंगाली ‘मुथा’. तो गवत नव्हे. देठ बोटांत फिरवून पाहिला की तीन कडा लागतात. वरचा भाग उपटला तर जमिनीतला कंद तसाच राहतो आणि काही आठवड्यांत कंदांची नवी साखळी तयार होते. खुरपीने कंदासकट काढणे आणि मूळ कारण, म्हणजे साचणारे पाणी, दूर करणे हे दोन्ही एकत्र करावे लागते. हॅलोसल्फ्युरॉन-मिथाइल हे औषध लव्हाळ्यावर चालते आणि दूर्वेला सहसा इजा करत नाही. ते केवळ वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे वापरावे.

‘चोरकाटा’ हे दुसरे ओळखीचे तण. त्याची कुसळे धोतर-साडीला चिकटून घरोघर जातात. ते दाबलेल्या, उपाशी जमिनीवर माजते. तुरा येण्याआधी कापत राहिले आणि जमिनीत भोके पाडून खत दिले की दूर्वा त्याला हळूहळू मागे सारते. राननाचणीचेही तसेच. आंबुशी (बंगाली ‘आमरुल’), लाजाळू, नायटी आणि मैदानाच्या कडांना दिसणारे गाजरगवत ही रुंद पानांची तणे. थानकुनी, म्हणजे मंडूकपर्णी, तर बंगाली स्वयंपाकघरात मानाची भाजी आहे. ती कोपऱ्यात असेल तर राहू देण्यात काही बिघडत नाही.

रुंद पानांवर २,४-डी चालते, पण वारा असताना मुळीच फवारू नये. उडालेले थेंब शेवंती, डेलिया यांसारख्या हिवाळी फुलझाडांची पाने पिळवटून टाकतात. फवारलेल्या हिरवळीवरून दूर्वा पूजेला खुडू नयेत, शेळ्याही सोडू नयेत. कोलकात्यात हे दोन्ही रोज घडते, म्हणून माळ्याने तशी पाटी लावणे आवश्यक. ग्लायफोसेट दूर्वेलाही मारते; केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. घरच्या बागेत ते घेऊच नये.

पावसाळ्यात गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या सर्वत्र उठतात. त्या तण किंवा रोग समजून औषध ओतणारे आहेत. गांडुळे या घट्ट मातीत फुकट नांगरट करतात. गोळ्या वाळल्यावर झाडूने पसरवल्या की तेच खत होते.

हिवाळा : जानेवारीत किमान तापमान सरासरी १४° से.च्या आसपास जाते. दूर्वा मरत नाही, पण वाढ जवळपास थांबते. नेमक्या याच काळात लग्ने, वनभोजने, क्रिकेट, प्रदर्शने येतात. म्हणजे जखम भरून काढण्याची ताकद सर्वांत कमी असताना भार सर्वांत जास्त. मैदानावर दरवर्षी भरणारा पुस्तक मेळा कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००७ मध्ये तेथून हलवावा लागला. वादाच्या केंद्रस्थानी मैदानाचे पर्यावरण होते. वाचनवेड्या शहराला तो निर्णय जड गेला, तरी हिरवळीच्या दृष्टीने तो योग्यच होता. मांडवाखाली आठवडाभर झाकलेली, ऊन न मिळालेली दूर्वा थंडीत सावरत नाही.

घरी मांडव घालायचाच असेल तर तो तीन दिवसांत काढावा, खुर्च्यांच्या जागा रोज बदलाव्यात आणि दंव असताना चालू नये. उखडलेले तुकडे जानेवारीत लावून उपयोग नाही. तेवढ्या जागेभोवती दोरी बांधावी, माती मोकळी करावी आणि फेब्रुवारीअखेर रात्री उबदार झाल्यावर हिरवळीच्या कडेची मुळासकट ढपली काढून हातभर अंतरावर बसवावीत. रोज हलके पाणी मिळाले तर कालबैशाखीच्या पहिल्या सरीपर्यंत धावती खोडे एकमेकांना मिळतात.